जावयाचं बदक

बार्शीला परत आले त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून शेजारणीने विचारलं, "मुंबईकडे जाऊन काय काय पाहिलंस गं?"

"बदकं," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि चिखल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला माझी कीवच आली असावी. मग मी तिला सगळं सांगायला बसले, तिने घरून दोनदा चहा मागवला, आणि शेवटी तीच म्हणाली, "अगं, हे लिहून काढ." म्हणून हा खटाटोप.

माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. जून-जुलैत मान वर करायला फुरसत नसते आणि थंडीत मी अक्षरशः माश्या मारते. अशाच एका रिकाम्या थंडीत कुणाबरोबर तरी उजनीच्या पाण्यावर गेले, नावाड्याने रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा दाखवला, आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दुर्बीण आली. नवरा म्हणतो, माझ्या वाढदिवसाला तू मला शुभेच्छा द्यायला विसरतेस आणि धोबी पक्षी कधी आला ते तुला बरोबर आठवतं. खरं आहे ते.

त्यात सुजाताचा फोन आला. सुजाता माझी सोलापूरच्या कॉलेजातली मैत्रीण, ठाण्यात शाळेत शिकवते आणि कोपरीला राहते. "आमच्या खाडीवर रोहित उतरलेत. थंडी संपायच्या आत ये," एवढंच म्हणाली. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

कोपरी

दार सुजाताच्या नवऱ्याने उघडलं. "जय भीम, या या! दुर्बिणीची पेटी द्या माझ्याकडे. चटणीची पिशवी तेवढी तुमची तुम्ही सांभाळा, माझा भरवसा नाही." मी शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या नेल्या होत्या. सुजाताने सुकटीची चटणी केली होती. दोन्ही चटण्या एकाच कडक भाकरीवर घालून आम्ही दोघींनी खाल्ल्या आणि होस्टेलच्या मेसला मनसोक्त शिव्या दिल्या.

सकाळी खाडीवर जायला निघालो तर रस्त्यावर माणसं माकडटोप्या घालून फिरत होती. मला हसू आवरेना. या हवेला आमच्याकडे थंडी म्हणत नाहीत, आमच्याकडे अशा हवेत लोक अंगणात आंघोळ करतात. इमारती संपल्या, कांदळवनातला उग्र वास आला, वाट चिखलाच्या पट्ट्यापाशी थांबली आणि समोर गुलाबी रंग पसरला. पाण्यात उभा. त्याच्या मागे उंच उंच इमारती, विजेचे मनोरे, पुलावरून जाणारे ट्रक, आणि या सगळ्याच्या पुढ्यात शेकडो पक्षी माना खाली घालून शांतपणे चिखल चाळत होते. उजनीला त्यांना भेटायला होडीने जावं लागतं, नावाड्याची मनधरणी करावी लागते. इथे ते ठाण्याच्या दारात उभे होते आणि कानात गाण्यांची बोंडं घातलेले लोक त्यांच्याकडे न बघता पळत होते! मी चक्क ओरडले, "अगं बाई, मोठे रोहित!"

"लहान," मागून कुणीतरी म्हणालं. "मोठे नाहीत ते, मावशी. लहान रोहित. चोच बघा. गडद आहे ना? मोठ्याची फिकी असते, टोकाला काळी. आणि प्लीज ओरडू नका."

हा तेजस. सुजाताचा जुना विद्यार्थी, डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना पक्षी दाखवत हिंडतो. तीन पायांवर उभी करायची मोठी दुर्बीण खांद्यावर, खिशात शेंगदाणे, आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकाचा. मला आधी त्याचा रागच आला. मग त्याने मोठ्या दुर्बिणीतून बघायला दिलं. रोहिताच्या डोळ्याची लाल कड दिसली, चोचीतून गळणारं पाणी दिसलं, आणि मी त्याला सगळं माफ केलं.

शहाड

दुसऱ्या दिवशी तेजसने आम्हाला शहाडला उल्हास नदीवर नेलं. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा चढलाय. माणसांच्या दृष्टीने ती कटकट, पण त्या गालिच्यावरून जांभळ्या पाणकोंबड्या लाल लाल पाय टाकत अशा चालल्या होत्या की जणू लग्नाच्या मांडवातल्या वरमाया. कमळपक्षी होते, खंड्या होता, तुतवार शेपटी हलवत होता. मी एकीकडे बघेपर्यंत दुसरीकडे काहीतरी उडे. आनंदाने माझं भान सुटलं, आणि पैलतीरावर काहीतरी बदामी रंगाचं दिसताच मी दोन पावलं पुढे धावले. "चक्रवाक! चक्रवाक!"

डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. सुजाताने हाताला धरून ओढलं, पाय आला, चप्पल राहिली. तेजसने काठीने ढोसून ढोसून ती बाहेर काढली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "मावशी, ती गोणी आहे. सिमेंटची."

"दिसायला तर…"

"ओळखता आलं नाही ना, तर 'माहीत नाही' म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. पण चुकीचं नाव घ्यायचं नाही. पक्ष्याचं चुकीचं नाव घेतलं की मला कुणी शिवी दिल्यासारखं होतं."

सुजाता तोंडावर पदर घेऊन हसत होती. "हा आठवीत असताना वर्गातल्या फळ्यावर मी चिमणीचं चित्र काढलं, तर हा उठून म्हणाला, मॅडम, ही मादी आहे, नराला गळ्याखाली काळं असतं."

नदीकाठच्या टपरीवर चहा आणि गरम भजी घेऊन बसलो. मी पाय धुतले. तेजसचं मात्र भज्यांकडे लक्ष नव्हतं. त्याला काहीतरी सलत होतं आणि ते सुजाताला आधीच ठाऊक होतं. "सांग की मावशीला. रविवारी तिलाही यायचंच आहे," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको प्रणाली, खाडीकाठच्या एका आगरी गावातली, कल्याण आणि डोंबिवलीच्या मधली. (गावाचं नाव मी लिहिणार नाही. चांगल्या पाणथळीचा पत्ता जगजाहीर करायचा नसतो, हे मला तेजसनेच बजावलंय.) तिच्या घराण्यात एक रीत आहे. लग्नानंतरची पहिली थंडी सरायच्या आत सासऱ्याने स्वतः पाण्यात उतरून, स्वतःच्या हाताने एक रानबदक धरायचं आणि जावयाला जेवायला वाढायचं. सगळी भावकी बघायला येते. सासऱ्याने धरलं नाही तर सासऱ्याचं हसं, जावयाने खाल्लं नाही तर सासऱ्याचा अपमान. आणि प्रणालीचे वडील हिराजीदादा हे गावातले सगळ्यात पटाईत. ज्यांना जमत नाही अशांच्या जावयांसाठीसुद्धा तेच पाण्यात उतरायचे. आता त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा नवरा आलाय, आणि दिवस ठरलाय येत्या रविवारचा.

"आणि नवरा हा असा," सुजाता म्हणाली.

"मी त्यांना सांगितलंय, मी खाणार नाही," तेजस म्हणाला. "कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी मी खाल्लं नसतं. तिकडून, कुठून कुठून बर्फातून उडत येतात ते. आणि मी चमच्याने रस्सा पिऊ?"

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बघू.' एवढंच. प्रणाली दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. म्हणते, तुझे पक्षी मोठे की माझा बाप."

मी काही सोवळी नाही. कोंबडीचा रस्सा केला की तंगडीवरून माझं आणि नवऱ्याचं भांडण होतं. त्यामुळे मला झटकन कुणाची बाजू घेता येईना. सुजाताचं मात्र ठरलेलं होतं. "पक्षी धरला तर मी वनखात्याला फोन करणार. तेजसच्या सासऱ्यांना तोंडावर सांगून करणार."

"मॅडम, ते आत जातील."

"म्हणूनच आधी सांगणार. कायदा ढिला सोडला ना तेजस, की पहिला मार कुणाला बसतो ते आमच्या लोकांना विचार."

भजी गार झाली. नंतर तेजसने झाडावरचा तांबट दाखवला, तो बघायला मी दुर्बीणही उचलली नाही.

खाजण

रविवारी दिवस उजाडताना गावात पोचलो. हिराजीदादांचं घर बघून मी चाट पडले. मला वाटलं होतं कुडाचं घर असेल. होता तीन मजली बंगला, दारात पांढरीशुभ्र गाडी, गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह. जमीन रस्त्यात गेली, त्या पैशांचे हे सिंह. पण मागच्या दारी गेलं की चूल, सुकायला घातलेले बोंबील, आणि पलीकडे सरळ बांध आणि पाणी.

"या या ताय, बसा. चा घ्या आदी," हिराजीदादा म्हणाले. साठीचा माणूस, रुंद खांदे, आवाज मात्र हळू. प्रणाली आमच्याशी हसून बोलली, नवऱ्याकडे बघितलंही नाही. तिच्या आईने, यमुनावहिनींनी, तांदळाची भाकरी आणि खारातली कोलंबी पुढे ठेवली. इतकी मऊ भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून मी मिरवले, तर वहिनी म्हणाल्या, "आमची म्हयनाभर कशी टिकंल? सकालचीच दुपारपरत राहत नाय."

बांधावर गेलो. खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं अशी ही जागा, हिला खाजण म्हणतात. पाणी छातीभर, मध्ये मध्ये गवताची बेटं. पलीकडच्या टोकाला राडारोड्याचा ढिगारा, तिथे ट्रक येऊन भराव टाकतात आणि दरवर्षी पाणी थोडं थोडं मागे सरतं. अलीकडे बदकं. किती म्हणून सांगू! थापटे बदक फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होते. तलवार बदक शेपट्या वर करून उभे डुबले होते. अडई शीळ घालत होत्या. आणि भुवई बदक! नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई, आमच्या गणिताच्या सरांसारखी, सदैव नाराज. मी तोंडावर हात दाबून धरला होता, नाहीतर शपथ सांगते, किंचाळले असते.

त्यांच्या मधोमध मला काळे गोल पक्षी दिसले. मान नाही, चोच नाही, नुसते तरंगतात. शहाडचा धडा लक्षात ठेवून मी नम्रपणे विचारलं, "तेजस, ते काळे कोण?"

त्याने दुर्बीण खाली केली. मग म्हणाला, "मडकी."

ती तिथली युक्ती. आधी काही दिवस पाण्यात रिकामी मडकी सोडून ठेवायची. पक्षी पहिल्यांदा बिचकतात, मग सवय होते, मग अंगाला लागलं तरी हलत नाहीत. त्यानंतर माणूस डोक्यावर तसंच मडकं पालथं घालतो. त्याला बघण्यासाठी दोन भोकं पाडलेली असतात. गुडघे वाकवून मानेपर्यंत पाण्यात बसतो आणि तसाच हळूहळू सरकतो. बाहेरून दिसतं आणखी एक मडकं. बदकाजवळ गेला की पाण्याखालून पाय धरून खाली ओढतो. शेजारच्या बदकालाही पत्ता लागत नाही.

बांधावर भावकी जमली होती. त्यात पुढे हिराजीदादांचे चुलतभाऊ बामाकाका, गळ्यात जाड साखळी, जिभेला हाड नाही. आमच्या दुर्बिणी बघून ते सरसावले. "तुमी पक्षी वाचवनारं ना? मग मना सांगा. आमच्या आज्यापनज्यानं खाल्लं तवा पक्ष्यांनी पानी काला व्हायचा. आता आमी एक धरतू, तर पक्षी कमी. मग खाल्लं कोनी? त्यानं खाल्लं!" त्यांनी भरावाकडे बोट केलं. "तिकरं जा ना दुर्बीन घेऊन."

"काका, भराव खराच आहे. त्यासाठी आम्ही अर्ज देऊन देऊन थकलो," तेजस म्हणाला. "पण गेल्या वर्षी याच बांधावर नायलॉनची जाळी लागलेली. रात्रीत पोती भरून पक्षी गेले. ती कुणाची?"

"ती आमची नाय. भायरच्या लोकांची. हाटेलवाल्यांची."

"गाडी तर तुमच्याच गावातून गेली ना? कुणी अडवली?"

बामाकाका गळ्यातली साखळी चाचपायला लागले. हिराजीदादा एवढा वेळ खाली बसून मडकं पाण्यात भिजवत होते. मान वर न करता म्हणाले, "माज्या बापानं सांगलं होतं. घरात जेवढं जावई तेवढंच पक्षी. वरती एकाला हात लावायचा नाय. आमी नाय लावला."

मला ते पटलं. आणि लगेच सुजाता बोलली तेही पटलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, तुम्ही एकच धरणार, मला मान्य आहे. पण तुम्हाला सोडलं, तर त्या जाळीवाल्याला कुठल्या तोंडाने अडवायचं? तो म्हणेल, हिराजीशेठला चालतं, मला का नाही? मी तुम्हाला फसवत नाही. तुमच्या हातात पक्षी दिसला की मी फोन करणार."

बांधावर एकच गलका झाला. कुणी म्हणे बाईंना हाकला, कुणी म्हणे बरोबर बोलतायत. प्रणाली रडायच्या बेतात होती. "मॅडम, माझ्या पप्पांना तुम्ही…" 

हिराजीदादा उठले. "करा फोन, बाय. तुमचा काम तुमी करा, माजा मी करतू. पन उन्हात उभं राहू नका, छपरीत बसा." आणि तेजसकडे न बघता म्हणाले, "जावयबापू, जेवून जायचा."

त्यांनी सदरा काढला, मडकं उचललं आणि गवताआड पाण्यात शिरले.

पाण्यावर

यानंतरची वेळ माझ्या आयुष्यातल्या अत्यंत ताणलेल्या वेळांपैकी. आणि खोटं कशाला बोलू, अत्यंत रोमांचक सुद्धा.  आतून वाटत होतं हे होऊ नये, आणि डोळ्यांना मात्र एक क्षण हुकवायचा नव्हता.

पाण्यावर मडकीच मडकी. त्यातलं हिराजीदादांचं कुठलं? बांधावरचे सगळे शोधत होते. वारा खाडीकडून येत होता आणि सगळी मडकी भरावाच्या दिशेने वाहत होती. मग माझ्या लक्षात आलं, एक मडकं वाऱ्याच्या उलट चाललंय. इतकं हळू की नजर हलवली तर कळणार नाही. मी तेजसला कोपराने ढोसलं. तो मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून होता. "दिसतंय," तो कुजबुजला.

मडकं थापट्यांच्या घोळक्यातून गेलं. एका थापट्याने त्याला चोच मारून पाहिली आणि सोडून दिलं. मडकं अडईंच्या शेजारून गेलं. पुढे भुवई बदकांचा लहानसा थवा होता आणि त्याच्या कडेला एक नर, पिसं साफ करण्यात गुंग. मडकं त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. थांबलं ते हलेचना. मी दुर्बीण दोन्ही हातांनी डोळ्यांवर दाबून धरली. 

आणि नर खाली गेला. टुपकन. पाणी उडालं नाही, आवाज नाही, होता तिथे नुसती एक गोल लाट.

"धरलं," तेजस म्हणाला. ओठातल्या ओठात. उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या भावकीला एवढ्या लांबून काही दिसलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. झालं, मी मनात म्हटलं, आता फोन, आता पोलीस, आता त्या पोरीचा संसार.

"मावशी," तेजसचा आवाज फाटला होता. "सोडलं."

मी डोळे उघडले. बदक वर आलं होतं. त्याने जोरात अंग झाडलं, पांढरी भुवई चमकली, इकडेतिकडे अपमानित नजरेने पाहिलं आणि दोन हात पलीकडे सरकून पुन्हा पिसं साफ करायला लागलं. मडकं तिथेच होतं. बराच वेळ तिथेच होतं. मग हळूहळू गवताच्या बेटाकडे निघालं.

तेजसने दुर्बिणीवरचा डोळा काढला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मी तोंड उघडलं, सगळ्या बांधाला ओरडून सांगणार होते, की धरलं होतं त्यांनी, मी बघितलंय! त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "नको मावशी. हात चुकला म्हटलं तर चार दिवस हसतील. मुद्दाम सोडलं म्हटलं तर भावकी त्यांना कधी माफ करणार नाही."

तेवढ्यात गवताआडून हिराजीदादा उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरचं मडकं काढलं. माणूस दिसताच सगळं पाणी उठलं. सगळं! पंखांचा असा आवाज झाला की मला बोलणं ऐकू येईना. थापटे, तलवार, अडई, सगळे एकदम आमच्या डोक्यावरून गेले, वळले, पुन्हा आले. माझ्या चष्म्यावर पाण्याचे थेंब पडले. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. दोन्ही असेल.

हिराजीदादा निथळत बांधावर चढले. दोन्ही हात रिकामे.

"काय रं हिरा?" बामाकाका म्हणाले.

"सटाकला. हात गारठलं," हिराजीदादा म्हणाले. "वय झाला."

मग जी चेष्टा सुरू झाली ती ऐकवेना. मडक्यात आता लोणचं घाल. दुसऱ्यांच्या जावयांना खिलवलंस, तुझ्या जावयाला पाव खिलव. हिराजीदादा टॉवेलने डोकं पुसत राहिले, ते गरजेपेक्षा जास्त वेळ. सुजाताने फोन पर्समध्ये ठेवला. प्रणाली वडिलांजवळ गेली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचा हात कधी चुकला नाय." त्यांनी ओला टॉवेल तिच्या हातात दिला आणि ते घराकडे निघाले.

पंगत

पडवीत पंगत बसली. यमुनावहिनींनी घाईघाईने गावठी कोंबडा शिजवला होता. काळ्या मसाल्याचा वास आमच्याकडचाच वाटावा, पण रस्सा नारळाचा, दाट. एरवी मी बोटं चाटली असती. त्या दिवशी मी भाकरीचे तुकडेच मोडत बसले. हिराजीदादा जेवायला बसले नव्हते, खांबाला टेकून उभे होते. बामाकाका आणि बाकीचे समोर अंगणात खुर्च्या टाकून बसलेले.

वहिनी हातात पातेलं आणि डाव घेऊन तेजसच्या पानासमोर आल्या आणि थबकल्या. माझ्या शेजारी बसलेल्या प्रणालीने मला हळूच सांगितलं, जावयाने पहिला घास खाल्ला की सासू विचारते, बदक कसं लागलं? आणि जावयाने बाहेरच्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं असतं. त्याशिवाय जेवण पुरं होत नाही. बिचाऱ्या वहिनी कोंबडा वाढून काय विचारणार? त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"विचार ना वयनी!" अंगणातून बामाकाका ओरडले. "विचार जावयाला! बदक कसा लागला?"

हशा पिकला. हिराजीदादांनी मान खाली घातली. एवढा रुंद माणूस, पण त्या खांबाशी अगदी लहान दिसायला लागला. मला संताप आला. सुजाताने माझा हात दाबला नसता तर मी त्या बामाकाकांना बार्शीच्या भाषेत चार शब्द सुनावलेच असते.

तेजसने तंगडी उचलली. सावकाश मोठा घास घेतला, चावला, गिळला. बोटं चाटली. मग अंगणाकडे तोंड करून, वर्गात उत्तर द्यावं तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, बदक एक नंबर झालंय. भुवई बदक आहे. नर."

अंगणातल्या खुर्च्या करकरल्या.

"अरे येड्या," बामाकाका उठून उभेच राहिले, "ती कोंबरी हाय!"

"काका," तेजस दुसरा घास घेत म्हणाला, "पक्षी ओळखायला मला शिकवू नका."

प्रणालीने पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. वहिनींच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला होता. हिराजीदादा खांबापासून निघाले, तो डाव त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, पातेल्यात बराच वेळ शोधून दुसरी तंगडी काढली आणि जावयाच्या पानात वाढली.

"ही मादी," ते म्हणाले. "जोडीनं आलती. ही पन घ्या."